अंतिम तारीख: नाही

तार्तूच्या पाणीपुरवठा कचेरीत
चौदा माणसं, एक कॅलेंडर
आणि त्याची किल्ली माझ्याकडे.

किल्ली म्हणजे तरी काय,
स्क्रीनवरचे तीन बारीक गोल:
फक्त 'व्यस्त'.
नुसतं शीर्षक.
सगळा तपशील.
एकात ठिपका द्यायचा, की ठरतं
कुणाचं काय कुणाला दिसणार ते.

तीयू 'दंतवैद्य' लिहिते
आणि गायनसंघाच्या तालमीला जाते.
एव्हाना दात तिचे मोत्यासारखे व्हायला हवे होते.
रैको दर शुक्रवारी 'धोरणात्मक विचार' करतो,
म्हणजे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
गळ टाकून बसतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
त्या हिशेबाने मी श्रीमंत बाई आहे.

नवा संचालक कास्पर, तालिनहून आलेला,
सोमवारच्या बैठकीत तीनदा 'पारदर्शकता' म्हणाला.
सगळं सगळ्यांना दिसू दे.
लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?
आपण तर पाणी पुरवतो.

कुणी बोललं नाही.
इथे न बोलणं हा होकार असतो, नकारही असतो,
आणि जानेवारीत
दोन्हींतला फरक आमचा आम्हालाही कळत नाही.

मला मात्र एक वही आठवत होती.
वडिलांच्या कारखान्याच्या दाराशी एक माणूस बसे.
कोण आलं, कोण गेलं,
जाताना कुणाशी दोन शब्द बोललं,
सगळं लिहून घेई.
पुढे राज्य बदललं, वह्या उघडल्या,
मला ती वाचायला मिळाली तेव्हा वडील नव्हते.
अक्षर फार सुरेख होतं त्या माणसाचं.
एका पानावर मीही होते:
मुलगी, वय सात, डबा घेऊन आली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
एकेकाचं कॅलेंडर उघडं करायला बसले.
हेल्दुरपाशी हात थांबला.

बुधवार, तीन दहा.
'आईला माझं नाव सांगणे.'
कालावधी: चाळीस मिनिटं.
पुनरावृत्ती: दर आठवड्याला.
अंतिम तारीख: नाही.

हेल्दुर व्हॉल्व्ह दुरुस्त करतो.
पंधरा वर्षांत माझ्याशी
हवामानापलीकडे गेला नाही.
हे असं चव्हाट्यावर पडलेलं
त्याला ठाऊक तरी होतं का, कोण जाणे.
विचारायचं, तर मी वाचलं हे सांगावं लागणार.

मी पहिल्या गोलात ठिपका दिला.
नोंदीच्या कोपऱ्यात इवलंसं कुलूप उगवलं.
(रैकोचे मासे मात्र उघडेच ठेवले.
त्यात विवेकाचा काही संबंध नव्हता,
नुसता खोडसाळपणा.)

मार्चमध्ये एमायोगीचा बर्फ फुटला.
हेल्दुर तीन दिवस रजेवर होता.
आला तेव्हा त्याच्या टेबलावर
आम्ही पांढरी मेणबत्ती लावून ठेवली होती.
'हवा बदलतेय,' तो म्हणाला.

बुधवारची नोंद तशीच आहे.
बाकीच्यांना दिसते एक राखाडी चौकट, 'व्यस्त',
म्हणून त्या वेळेत कुणी बैठक ठेवत नाही.
तीन दहाला तो जागेवरच असतो.
खण उघडतो, पाने नीट लावतो,
मोठा, मग मधला, मग लहान,
आणि तीन पन्नासला खण बंद करतो.
पुसून टाकायचा अधिकार मला आहे.
दोन क्लिकचं काम.

परवा कास्परने विचारलं,
'हे बुधवारचं कुलूप कसलं?
सगळं उघडं करायचं ठरलं होतं ना?'
सिस्टिमची अडचण आहे, मी म्हणाले,
चेहऱ्याची रेघही न हलवता.
'मग दुरुस्त करून घ्या.'

घेते की.
त्याच्यादेखत माझ्या कॅलेंडरात लिहिलं:
'हेल्दुरची नोंद दुरुस्त करणे.'
बुधवार, तीन दहा, दर आठवड्याला.
सगळा तपशील, सगळ्यांना दिसेल असा.
अंतिम तारखेची चौकट
तेवढी रिकामी ठेवली.